पुलावर सगळ्या थांबल्या

पुलाच्या सांध्यात ताईचं पुढचं चाक अडकलं आणि ती कठड्यावर डोक्याने आपटली. पुढे चाललेल्या तिच्या धाकट्या बहिणीने ब्रेक दाबून मागे बघेपर्यंत ताई सायकलसकट रस्त्यावर आडवी झाली होती.

चार दिवसांच्या शर्यतीतला हा शेवटचा दिवस. पहिल्या नंबराची पिवळी जर्सी ताईच्या अंगात, आणि दुसऱ्या नंबरावरची डॉक्टर जेमतेम काही सेकंदांनी मागे. आता फक्त घाट उरला होता. डॉक्टरने नुसती सायकल मारत राहायचं, जर्सी आपोआप तिची झाली असती.

पण डॉक्टरने हात वर केला. "थांबा गं सगळ्या. जर्सीवाली पडलीय."

पहिल्या नंबरावरची पडली तर तिच्या पडण्याचा फायदा घ्यायचा नाही, हा या खेळातला रिवाज. कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे हौशी शर्यतीत तो पाळतीलच याची खात्री नसते. या बायका एरवी घोटभर पाणी मागितलं तरी तोंड फिरवणाऱ्या. पण डॉक्टरचा हात वर गेला आणि अख्खी टोळी पुलावर थांबली.

धाकटी सायकल टाकून ताईकडे धावली. शर्यतीत तिचं काम एकच होतं, ताईच्या पुढे राहून समोरचा वारा आपल्या अंगावर घ्यायचा. एरवी ती सायकलवरून टपाल वाटायची. "पगारी सायकल पुरत नाही म्हणून फुकटही चालवतेस," असं तिचा नवरा म्हणायचा. पण ताईने आपल्या बेकरीच्या भिंतीवर जर्सी टांगायला आधीच खिळा ठोकून ठेवला होता, आणि त्या खिळ्याकडे बघून धाकटीलाही चेव चढला होता.

गेल्या वर्षी ताई तापाने अंथरुणात होती, तेव्हा डॉक्टर जिंकली. "ताई नव्हती ना, मग काय," असं कुणीतरी बक्षीस समारंभातच म्हणालं. माझे पेशंटसुद्धा जीभ दाखवायच्या आधी तेच म्हणतात, असं डॉक्टर स्वतःच हसत सांगायची.

आता ती ताईपाशी गुडघे टेकून बसली होती. "ताई, माझ्याकडे बघा." तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं. ताई ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली. डॉक्टरने तिचं डोकं सावकाश या बाजूला वळवलं, त्या बाजूला वळवलं. थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग ताईची लोकरी कानपट्टी खाली ओढून दोन्ही कानांवर घट्ट बसवली.

"वारा बोचरा आहे," ती म्हणाली.

मोटरसायकलवरून पंच आले. "अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू?"

"मी तपासलंय. खरचटलंय फक्त."

"डॉक्टर, हेल्मेट पार फुटलंय हो," धाकटी म्हणाली.

"ते फुटलं म्हणून डोकं वाचलं. दुसरं मागव मदतीच्या गाडीतून." डॉक्टरने ताईला हात दिला. "उठा ताई. तुम्हाला घरी बसवून जिंकायची हौस फिटली माझी. या वेळी घाटात मागे टाकणार आहे."

"बघा स्वप्नं," ताई म्हणाली आणि उठली.

धाकटीला भरून आलं. चार दिवस ती या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

घाट लागला. धाकटी पुढे, ताई तिच्या चाकाला चिकटून.

"भट्टी विझवलीस ना गं?" ताईने मागून विचारलं.

"तूच विझवलीस की. निघताना."

"मग वास कसला येतोय?"

"माझ्या पायांचा. जळतायत."

ताई हसली नाही. धाकटीने मागे पाहिलं. ताईचं चाक रस्त्याच्या कडेकडे सरकत होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा ओढून आणत होती.

"ताई, थांबूया का? डोकं दुखतंय ना?"

"आपटलंय म्हटल्यावर दुखणारच. डॉक्टर म्हणाली ना, काही नाही म्हणून?"

म्हणाली होती खरी. आणि बेकरीतला तो खिळा होताच. "मग चल," धाकटी म्हणाली. "माझं चाक सोडू नकोस."

शेवटच्या उभ्या चढावर डॉक्टर ताईच्या बरोबरीला आली. तिने ताईचा चेहरा नीट न्याहाळला.

"कसं वाटतंय?"

"तुमच्यापेक्षा बरं."

डॉक्टरने मान डोलावली आणि ती निघाली. ताई दोन वळणं तिच्या मागे जिद्दीने गेली. तिसऱ्या वळणावर तिचे पायच थांबल्यासारखे झाले.

वर माथ्यावर लाउडस्पीकर गरजत होता, "जिंकणारे पुष्कळ असतात, थांबणारी एखादीच." लोक टाळ्या वाजवत होते. ताईला रेषेपलीकडे आणून धाकटीने तिला कठड्याशी टेकवून बसवलं आणि ती तडक डॉक्टरकडे गेली. तिने डॉक्टरचे दोन्ही हात धरले.

"जर्सी गेली त्याचं वाईट वाटतंय. पण तुम्ही थांबलात. आमच्या घरात हे कुणी विसरणार नाही."

"आता कुणी म्हणणार नाही, ताई नव्हती म्हणून," डॉक्टर म्हणाली.

मागे काहीतरी धपकन पडलं. ताई कठड्याशी बसल्या जागी घसरून कुशीवर कोसळली होती.

सगळ्यांच्या आधी डॉक्टर धावली. नवी पिवळी जर्सी धुळीत लोळली तरी तिला पर्वा नव्हती. तिने ताईचा जबडा वर उचलून धरला, श्वास मोकळा केला, नाडी शोधली. धाकटी तिच्या बोटांकडे देवाकडे बघावं तशी बघत राहिली.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने हेल्मेट काढलं, मग कानपट्टी सोडवली. ती ओली होती.

"कानातून पाणी येतंय. रक्ताळलेलं," तो म्हणाला. "कवटीला तडा गेलाय. हे कधी सुरू झालं?"

त्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने डॉक्टरकडे पाहिलं. तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरचं बोट नाडीवर होतं, डोळे घड्याळावर. दवाखान्यात पेशंटची माहिती सांगावी तशा सरळ आवाजात तिने उत्तर दिलं.

"पुलावर. पडल्या पडल्याच."