मालगाडीखालची वाट

जनीच्या सुनेला, सुगंधाला, रोह्याच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा रुळांपलीकडे उभी होती आणि मधे मालगाडी आडवी. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून कोलाड स्टेशनात हे रोजचंच होतं. आधी एक्सप्रेस जायची, मग मालगाडी. "रेल्वे आली की दवाखाना दहा मिनिटांवर," असं सांगून साहेबांनी जनीचं शेत घेतलं होतं. आता पाऊण तास झाला, तरी सुगंधा कळा सोसत अलीकडेच होती.

एक्सप्रेस गेली. मालगाडी हलेना. जनीने देवाचं नाव घेतलं आणि सुनेला धरून शेपटाकडच्या एका डब्याखाली शिरली; वळसा घालण्याइतकं सुगंधाला चालवत नव्हतं. अर्ध्यात सुगंधा रुळांच्या मधोमध आडवी झाली.

"आत्याबाय, आता नाय व्हत!"

तेवढ्यात इंजिनाने शिटी दिली. जनी होती नव्हती ती ताकद लावून ओरडली, "थांबवा वो! पोर खाली हाय माझी!"

मागच्या डब्यातल्या गार्डाने ब्रेक ओढला. हलू लागलेली गाडी हिसका देऊन थांबली.

बाळ आलं, पण रडेना. जनी त्याची पाठ चोळत राहिली, तळव्यांवर टिचक्या मारत राहिली. बऱ्याच वेळाने बारीकसा टाहो फुटला, तशी तीही हमसून रडली.

डब्याखाली वाकून बसलेल्या गार्डाने घाम पुसला. "मावशी, गाडी का थांबवली ते मला लिहून द्यावं लागेल. काय लिहू?"

जनीने नातीला पदरात गुंडाळलं.

"लिव्हा, एक मानूस यायचं व्हतं."