लुगड्याचा दोर

"तेवढा दोर काढू नका म्हनते मी," शांतम्मा पुन्हा म्हणाली.

"मग फोटोत चिंध्या दिसू द्यायच्या व्हय?" महालिंगप्पानं दोर ओढायला सुरुवातही केली होती. "सरकारचं अनुदान घेतलंय आपण. तळं कसं तळ्यावानी दिसाय पायजे."

शेततळं या नवराबायकोचंच, उमरग्याच्या अलीकडं, माळाच्या तुकड्यात. पहिल्यांदाच काठोकाठ भरलेलं. कृषी खात्याच्या राजेश्वरी मॅडम आज फोटो घ्यायला आल्या होत्या. भरलेलं तळं आणि त्याच्यापुढं उभा लाभार्थी, असा एक फोटो मोबाईलवरून वर गेला की अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटणार होता. त्यासाठी महालिंगप्पानं सकाळीच दाढी घोटली होती, इस्त्रीचा सदरा चढवला होता, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे ओढले होते. नवरदेवानं लाजावं असा थाट.

आणि त्या थाटात हा दोर. शांतम्मानं जुनी लुगडी पिळून, हातहातावर गाठी मारून तो केला होता. एक टोक काठावरच्या खुंटाला, दुसरं पाण्यात. तळ्यात अंथरतात त्याला सगळे कागद म्हणतात, पण तो असतो जाड प्लास्टिकचा, आणि पाण्याखाली शेवाळ धरलं की त्याच्यापुढं साबण बरा. विहिरीला पायऱ्या असतात, ओढ्याला काठ असतो. याला धरायला काहीच नसतं. शेजारच्या शिवारातल्या अशाच तळ्यात एक कुत्रं पडलं होतं. सकाळभर पोहत होतं म्हणे. शांतम्मा पोचली तेव्हा कागदावर नुसते नखांचे ओरखडे उरले होते. तेव्हापासून या पाण्याची तिनं धास्तीच घेतली होती.

दोर निघाला, खुंटावरूनही सुटला. तेवढ्यात काठावर चरणारी त्यांची म्हैस फोटोत घुसायला लागली. महालिंगप्पानं तोच ओला दोर तिच्या दाव्यात अडकवला आणि तिला जवळच्या बाभळीला करकचून बांधलं. मग सदरा झटकून तो तळ्याकडं पाठ करून उभा राहिला.

"काका, जरा मागं सरका. पाणी नीट दिसत नाहीये," मॅडम मोबाईल धरून म्हणाल्या.

तो सरकला.

"अजून थोडं."

"ब्याड!" शांतम्मा ओरडली. भ्यायली की तिच्या तोंडून कन्नडच निघायचं. "नको! मागं नको!"

पण टाच पडली ती नेमकी दोर ओढताना ओल्या झालेल्या कागदावर.

आवाज फारसा झालाच नाही. महालिंगप्पाचं डोकं वर आलं आणि तो चक्क हसला. पोरपणापासून विहिरी पालथ्या घातलेला गडी. "काय न्हाय, काय न्हाय," म्हणत तो काठाला आला, त्यानं कागदावर तळवा टेकला. तळवा घसरला. पुन्हा टेकला. गुडघा लावला, कोपर लावलं. दर वेळी तो हातभर वर यायचा आणि तसाच हळूच खाली जायचा. कपाळावरची विभूती धुऊन गेली. हसू कधी गेलं ते कळलं नाही.

"शांते," तो म्हणाला. ओरडला नाही, नुसता म्हणाला.

मॅडम हात द्यायला पुढं धावल्या. शांतम्मानं त्यांना दंडाला धरून मागं खेचलं. "तुमीबी जाल!" आणि ती बाभळीकडं पळाली. म्हशीनं ओढ देऊन देऊन ओल्या लुगड्याची गाठ अशी आवळली होती की नख शिरेना. तिनं दातांनी ओढली. तोंडात चिखल आला, शेवाळ आलं. मागं पाण्याचा खळखळाट चालू होता. मग तो कमी झाला. देवा, तो कमी झाला.

"मॅडम, विळा! त्या गवताच्या भाऱ्यात विळा हाय!"

मॅडमनी विळा आणला. शांतम्मानं बाभळीच्या गाठीजवळ दोर कापला. दुसरं टोक म्हशीच्या गळ्यात होतं, पण ते सोडत बसायला वेळ होता कुणाला? म्हशीसकट ती काठाला आली आणि सुटलेलं टोक पाण्यात फेकलं.

"मनगटाला गुंडाळा! गुंडाळा म्हनते ना!"

नवऱ्याला असं दरडावायची तिची ही पहिलीच वेळ. त्यानं गुंडाळलं. मग तिनं म्हशीच्या पाठीत सगळा जीव एकवटून रट्टा घातला. म्हैस बुजली, माळाकडं सुटली. तिच्यामागं दोर ताणला गेला आणि दोरामागं महालिंगप्पा पोत्यासारखा घसटत वर आला.

तो पालथा पडून खोकत राहिला. शांतम्मा त्याची पाठ चोळत होती. मॅडमनी मातीत पडलेला मोबाईल उचलला. घाबरून त्यांचं बोट कधी दाबलं गेलं होतं कोण जाणे, पण फोटो निघाला होता. स्वच्छ कागद, काठोकाठ पाणी, खाली तारीख आणि जागेचे आकडे. माणूस नव्हता.

"यात लाभार्थी नाही," मॅडम सवयीनं म्हणून गेल्या आणि स्वतःच दचकल्या.

शांतम्मानं तो फोटो एकदाच पाहिला. "पुसा," ती म्हणाली. "आधी हे पुसा."

दुसरा फोटो घेणं भागच होतं. महालिंगप्पा काठाकडं यायला तयार होईना. शेवटी आला, चिखलानं माखलेल्या सदऱ्यात, लुगड्याचा दोर कमरेला बांधून.

त्या फोटोत तळं दिसतं, पाणी दिसतं, लाभार्थी दिसतो. त्याच्या कमरेचा दोर फोटोबाहेर गेलेला दिसतो. तिथं शांतम्मा बसली होती, टाचा मातीत रोवून, टोक मुठीला गुंडाळून.

"झाला फोटो, मावशी," मॅडम म्हणाल्या. "सोडा आता."

शांतम्मानं मुठीला आणखी एक वेढा घेतला.