मांडीचे पट्टे

केरीच्या सड्यावरून, समुद्राकाठच्या त्या उंच पठारावरून, पाय सुटून मिनिटही झालं नव्हतं, आणि सुदेशला तो पट्टा दिसला. रुक्मिणीकाकींच्या डाव्या मांडीपाशी तो वाऱ्यावर फडफडत होता. त्यानं मान वाकडी करून उजवीकडे पाहिलं. तिकडचाही मोकळाच.

खाली दोनशे फुटांवर काळे खडक होते, आणि त्यांच्यावर फुटणारं पाणी.

एकाच पॅराग्लायडरला दोघं लटकलेले. पुढे काकी, मागे सुदेश. छातीचा पट्टा त्यानं स्वतः लावला होता. मांड्यांच्या पट्ट्यांसाठी वाकणार, तेवढ्यात मागून पॅराग्लायडरची छत्री धरणारा विठू ओरडला, "वारो इलो!" छत्री भरली आणि दोघं धावले. सुटताना काकी जरा घसरल्यासारख्या झाल्या, मग सावरून बसल्या. आता त्या खांद्यांवरचे पट्टे धरून नुसत्या बैठकीवर टेकून होत्या. पाय ताणले किंवा हात वर केले, तर संपलंच. छातीच्या एका पट्ट्यातून माणूस कसा निसटतो, ते त्याला शिकतानाच सांगितलं होतं.

दहा वर्षांत सुदेशनं हजारो माणसं उडवली, आणि आज ही कोरगावची बाई, लेकीचा ड्रेस घालून हौसेनं आलेली. हिला कळलं तर घाबरून धडपडेल. धडपडली की गेली.

त्यानं मागून दोन्ही पायांनी काकींच्या कमरेला वेढा घातला.

"काकी, हात थंयच घट्ट धर. पाय पोटाकडे घे. वारो फिरलो हा, रेवेर उतरूया."

काकींनी का म्हणून विचारलं नाही. पाय तेवढे जवळ घेतले.

छत्री किनाऱ्याच्या रेतीकडे वळवताना सुदेशकडून डावी दोरी नको तेवढी ओढली गेली. दोघं एका बाजूला हेलकावले. काकी बोटभर खाली सरकल्या. त्यानं पायांचा वेढा आवळला.

"तुका पोरां किती रे?" काकींनी समोर बघतच विचारलं.

"दोन."

"थोरल्याचां नाव?"

"चेडू तां. सिद्धी."

"शाळेत काय आवडता तिका?"

ही काय बोलायची वेळ, असं त्याला वाटलं. पण तो उत्तरं देत गेला. सिद्धीला गणित आवडतं, धाकट्याला भाकरीपेक्षा पाव. काकी एकामागून एक विचारत होत्या. खडक मागे पडले. ओली रेती वर येऊ लागली. सुदेशनं दोऱ्या हळूहळू खेचल्या, पाय उचलले आणि काकींना पोटाशी धरून पाठीवर घसरत उतरला.

छत्री शेजारी कोसळली. सुदेश रेतीत गुडघ्यांवर बसला.

"काकी, माजी चूक झाली. ते पट्टे..."

काकींच्या मुठी अजून खांद्यांवरच्या पट्ट्यांना घट्ट आवळलेल्या होत्या. बोटं पांढरीफटक पडली होती. त्यांना ती सोडवताच येईनात. सुदेशनं एकेक करून सोडवली.

"सुटे आसत तां माका पाय सुटतानाच कळलेला," त्या म्हणाल्या. "पण सांगलां आसतां तर तुजे हात थरथरले आसते, पुता."