फातिह्याआधीचा घास

लोबानाचा धूर ताटावरून सरकत भिंतीला लागला आणि तिथेच घुटमळला. दिलावरची बोटं अजून ओठांशी होती. जिभेवर भाताची शितं होती. गिळावीत की थुंकावीत, हे त्याला कळत नव्हतं.

गेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेलं अन्न त्याच्यासाठीची दुआ, फातिहा, पढून होईपर्यंत चाखायचं नसतं. खर्ड्यापासून जामखेडपर्यंत लग्नाच्या देगी चढवणाऱ्या आचारी दिलावरला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आज मुलाचा, आकिबचा चाळिसावा; त्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. अंगणात सकाळपासून बिर्याणीची देग चढली होती, आता ती झाकण लावून दमावर होती. तिचं मीठ त्यानं नुसत्या वासावरून जोखलं होतं. एक शीत तोंडात टाकलं नव्हतं.

पण हे ताट देगीतलं नव्हतं. हा खोक्यातला पुलाव: मसाला लावलेले तांदूळ, वर उकळतं पाणी, झाकण, संपलं. सुप्याच्या कारखान्यात लागल्यापासून आकिब खोलीवर हेच करून खायचा. कामावरून परतताना ट्रकनं त्याला उडवलं. त्याची आई मेहताब खोली रिकामी करायला गेली तेव्हा फळीवर ही खोकी रचलेली होती. तिनं ती घरी आणली आणि एकेक करून, एकटीनं, शिजवून खाल्ली. आपलं लेकरू काय गिळत होतं, ते तिला कळून घ्यायचं होतं. शेवटचं तेवढं आजसाठी राखलं. दिलावरनं त्या खोक्यांना कधी हात लावला नव्हता.

आज ताट पुढ्यात आलं आणि हात आपसूक गेला. परक्या आचाऱ्याच्या पंगतीत जातो तसा, दोष शोधायला.

त्यानं घास गिळला.

"असू द्या, दिलावरभाई," फातिहा पढायला आलेले हाफिज परवेझ हलक्या आवाजात म्हणाले. "चाखल्यानं काही बिघडत नाही. नियत साफ पाहिजे. दुआला हात उचला."

"जरा थांबा, हाफिजसाब," मेहताब म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती ताटाकडे बघत होती, कडेला पडलेल्या त्या बोटभर खळग्याकडे.

"चुकून गेला हात," दिलावर म्हणाला. "दुसरं खोकं आणतो की. चौकातल्या दुकानात बी मिळतंय आता."

"ते दुकानातलं. हे त्याच्या फळीवरचं हुतं."

"मग देगीतलं घाल ताटात. त्याच्याच नावानं केलीय. सारं गाव जेवंल."

"गाव जेवंल. व्हय." मेहताबनं पदर डोक्यावर सारखा केला. "ईदीला आला हुता तवा काय म्हनला तुमाला, आठवतंय का? अब्बा, एकदा चाखून तर बघा, लई वाईट न्हाई, पोट भरतंय. सोताच्या हातानं करून वाटी तुमच्या म्होरं धरली हुती त्यानं."

दिलावरनं मान वर केली नाही.

"तुमी म्हनला, आचाऱ्याच्या घरात असलं कुत्र्याम्होरं बी ठिवत न्हाईत. वाटी उचलून मोरीत वतली. पोरगं हसलं हुतं तवा. मी बी हसले."

हाफिजांनी उचललेले हात सावकाश मांडीवर ठेवले. बाहेर कुणीतरी पत्रावळ्या मोजता मोजता थबकलं.

"लेकरानं म्हनलं तवा चाखलं न्हाई," मेहताब म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली आला की दिलावरला तो फक्त आपल्यासाठीच असल्यासारखा वाटला. "आज चाखलं. मग सांगा तरी, आकिबच्या अब्बा. कसं लागलं?"

त्याच्या तोंडात मीठ होतं, भरमसाट मीठ, आणि मिठाच्या खाली काहीच नव्हतं.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. उंबरा ओलांडून, चपला न घालता, अंगणात उतरला. देगीपाशी खोळंबलेली माणसं, झाकण काढायला आला असं समजून, बाजूला झाली. तो त्यांच्यामधून तसाच पुढे निघून गेला.