रविवारचं पिस्तूल

पद्मजाबाईंनी पर्समधून फुलाफुलांची कापडी पिशवी काढली, तिची नाडी सोडली आणि पिस्तूल पोलीस ठाण्याच्या टेबलावर ठेवलं. पिशवी त्यांनीच उरलेल्या ब्लाउजपीसची शिवलेली.

हवालदार शिवदास आधी पिस्तुलाकडे बघत राहिला, मग बाईंकडे. "एवढंसं?"

"एवढंसं काय? एका बिबट्याला पुरून उरलंय ते."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं, ऋतानं, कपाळाला हात लावला. हा बिबट्या तिच्या लहानपणी बोका होता. मग तो दरसाल वाढत गेला. आज तर तो नॅशनल पार्कातून निघून थेट नाहूरला, यांच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन बसला होता.

"तिसऱ्या मजल्यावर? लिफ्टनं आला काय, आजी?"

"लिफ्ट बंद होती रे. म्हणून तर दमला होता बिचारा. आमच्या ह्यांनी नुसतं पिस्तुलाचं वरचं ओढून सोडलं, आणि तो आला तसा जिन्यानं खाली."

शिवदास हसला. तेवढ्यात ऋतानं पुढे वाकून त्याला हळूच सांगितलं, की दिवाळीत बाबा गेले, लायसन त्यांच्या नावावर होतं, घरात लहान मुलं आहेत, तर तेवढं जमा करून घ्या, आईचं फार मनावर घेऊ नका. पद्मजाबाईंना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांचे कान भारी तिखट. खालच्या मजल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे त्या घरबसल्या सांगायच्या.

वारस म्हणून तुम्हाला अर्ज करता येईल, असं शिवदास म्हणाला. पद्मजाबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, हिला कबूल केलंय.

मग त्यानं पिस्तूल उलटंपालटं केलं आणि बरंच जुनं दिसतंय, एवढंच म्हणाला. झालं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. पूर्वीच्या पिस्तुलांना म्हणे मध्ये गोळ्यांचं ढबं चाक असायचं, पोट सुटल्यासारखं. खिशात घातलं की कोटाची वाट लागायची. मग तिकडच्या साध्यासुध्या लोकांना, दुकानदाराला, डॉक्टरला, सायकलवाल्याला, खिशात मावेल असं काहीतरी हवं झालं. तेव्हा एका अमेरिकन कारागिरानं गोळ्या मुठीतच एकावर एक रचल्या, वरचा भाग मागेपुढे सरकता केला. एक उडाली की दुसरी आपोआप जागेवर. बेल्जियममध्ये मग अशी चपटी पिस्तुलं ढिगानं बनली. हे सगळं त्यांच्या नवऱ्यानं, नंदकिशोररावांनी, घरी चहाला आलेल्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. पद्मजाबाईंनी आज त्यात स्वतःची एक राणी घातली. ती ते अंबाड्यात लपवायची.

"आणि ह्याच्या गोळ्या?" शिवदासनं विचारलं.

"त्या ह्यांच्या आजोबांनीच संपवल्या. आम्ही एक पाहिली नाही."

"मग बिबट्या?"

"आवाजानं पळाला रे."

आवाजाचं मात्र खोटं म्हणवत नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी नंदकिशोरराव जेवणाच्या टेबलावर पेपर पसरायचे. बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली न विचारता उचलायचे. एक थेंब, थोडं फडकं, मग ओढून सोडायचे. खटॅक. की आतून पद्मजाबाई ओरडायच्या, संपवलंत ना माझं तेल? निवडणूक लागली की पिस्तूल ठाण्यात जमा व्हायचं, आणि ते परत येईपर्यंत नंदकिशोरराव रविवारी घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचे. आत पद्मजाबाईंचंही मशीन बंद असायचं.

"मतदान झालं की परत मिळेल ना?" त्यांनी विचारलं.

निवडणूक कुठेच नव्हती. ऋता खिडकीबाहेर बघायला लागली. जमा करून घेण्याआधी पिस्तूल रिकामं आहे ना, ते बघायचं होतं. शिवदासनं मुठीतून मॅगझिन काढलं, नळी भिंतीकडे धरली, वरचा भाग ओढला आणि सोडला.

खटॅक.

पद्मजाबाईंचं तोंड किंचित उघडलं, आतल्या खोलीतून कुणाला तरी ओरडणार असल्यासारखं. मग ते तसंच राहिलं.

शिवदासनं पिस्तूल फुलाफुलांच्या पिशवीत सरकवायला घेतलं.

"थांब रे, बाळा." कानामागे हात धरून त्या पुढे झुकल्या. "ऐकूच नाही आलं मला. वय झालं, कान गेले. परत एकदा ओढ."

शिवदासनं ऋताकडे पाहिलं. ती अजून खिडकीकडेच बघत होती.

"ओढा ना," ती म्हणाली. "मलाही नाही आलं."