शिवानीची जागा

"टीचर, आमच्या शिवानीला त्या संघप्रियाजवळून उठवा. त्या लोकांचं आन् आमचं जमत न्हाई," वीरभद्रअप्पा पुन्हा सांगायला आले होते. पाथरीच्या मिशन शाळेत रोज प्रार्थनेनंतर 'आपण सगळी देवाची लेकरं' हे शिकवून एस्तेर टीचरचा घसा बसला होता. पोरांना कळत होतं, बापांना कोण शिकवणार? वैतागून त्या म्हणाल्या, "तुम्हीच उठवा जाऊन."

अप्पा तरातरा दुसरीच्या वर्गात शिरले. शिवानी जागची हलली नाही. "पप्पा, आत यायच्या आधी विचारायचं असतं."

सगळी पोरं बघायला लागली, तसे अप्पा ओशाळून दारापर्यंत मागे गेले. "येऊ का आत?"

"न्हाई," शिवानी म्हणाली आणि संघप्रियाला आणखी खेटून बसली.

मोठ्यांना उलट बोलू नये, हा धडा टीचरनी उद्यावर ढकलला.