एका डोळ्यातला जांभळा

उजवा डोळा: समोरचं अस्तर पिवळट.
डावा डोळा: तेच अस्तर दुधासारखं पांढरं.

मॅचिंग सेंटरच्या गादीवर बसून शालनताई आळीपाळीनं डोळे झाकत होत्या.

"जाऊबाई, डोळा कुणाला मारताय?" रोहिणीनं विचारलं.

"ऑपरेशन झालेला आणि राहिलेला ताडून बघतेय. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूनं भिंग पिवळं पडलं होतं. निळा-जांभळा उजेड आत पुरता येतच नव्हता."

म्हणूनच ऑपरेशनआधी एका बाईंना शालनताईंनी जांभळ्यावर तपकिरी कापड दिलं होतं. तेव्हापासून रंग जुळवायचं काम रोहिणीकडे गेलं.

आज त्याच बाई जांभळी साडी घेऊन आल्या. "यांना नको, तुम्ही दाखवा," त्या रोहिणीला म्हणाल्या.

रोहिणीनं काढलेलं कापड ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलं. शालनताई मात्र साडी आणि कापड घेऊन उंबऱ्याबाहेर गेल्या. त्यांनी उजवा डोळा झाकला. उन्हात कापड लालसर झाक मारत होतं.

"ट्यूबच्या उजेडातच जो रंग कमी, तो कापडात दिसणार कुठून? उन्हात सगळे रंग असतात," म्हणत त्यांनी दुसरा तागा आणला. साडी कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं, कळेना.

"मीटरभर कापा," बाई शालनताईंना म्हणाल्या.

रोहिणीनं कातर पुढे केली. शालनताई रस्त्याकडे बघत होत्या. एकच ऊन सगळ्यांवर पडलं होतं. हातगाडीवरची केळी त्यातला पिवळा परत करत होती, पोरींच्या रिबिनी तांबडा, समोरच्या गच्चीवर वाळणारी चादर निळा.

"कापताय ना?" बाईंनी विचारलं.

"कापते हो. एवढा निळा बघून घेते."